संगणक मंद की कुलूप बंद? लिनक्सवरच्या व्हिडिओची पंचवीस वर्षं



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, याचा काय इतिहास सांगायचा? जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर, लिनक्स घालून, व्हिडिओ न अडखळता कसा चालवायचा. हा तर दुरुस्तीवाल्याचा प्रश्न झाला. आम्हालाही आधी तसंच वाटत होतं. पण या प्रश्नाचा धागा धरून आपण मागे गेलो, तर हंगेरीतला एक तरुण भेटतो, पॅरिसचं एक वसतिगृह भेटतं, नॉर्वेतलं एक न्यायालय भेटतं आणि आपल्या कर्जत तालुक्यातली एक छोटी शाळाही भेटते. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात एका प्रसंगाने करू. आम्ही काही मंडळी जुने संगणक गोळा करतो, साफसफाई करतो, लिनक्स टाकतो आणि गरजू शाळांना देतो. एका तालुक्याच्या गावी असे दहा संगणक दिले होते. २०१३-१४ च्या काळातले, कमी वीज खाणारे सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, साधे १३६६ बाय ७६८ चे पडदे. लिहिणं, वाचणं, हिशेब, सगळं व्यवस्थित चालायचं. महिन्याभराने मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. बाई म्हणाल्या, "अहो दादा, विज्ञानाचा धडा लावला की आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं. पोरं हसतात हो. संस्थेचे लोक म्हणतायत, हे भंगारात काढा आणि नवे घ्या."

आम्ही गेलो, पाहिलं. बाई सांगत होत्या ते अगदी खरं होतं. चित्र थांबत होतं, उडी मारत होतं, पंखा घोंघावत होता. पाहणारा कुणीही म्हणाला असता, संगणक म्हातारा झाला. आता प्रश्न असा की तो खरंच म्हातारा झाला होता का? याचं उत्तर शेवटी देऊ. आधी इतिहास.

व्हिडिओ चालवणं एवढं जड का असतं, इथून सुरू करू या. पूर्वी घरोघरी व्हीसीडी होत्या ना? लग्नाची व्हीसीडी, भाड्याने आणलेल्या सिनेमाची व्हीसीडी. त्यातलं चित्र असायचं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण एक लाख ठिपके, आणि अशी २५ चित्रं दर सेकंदाला. ही चित्रं जशीच्या तशी साठवली तर तबकडी काही मिनिटांतच भरेल. म्हणून ती दाबून बसवतात. क्रिकेटची मॅच डोळ्यांसमोर आणा. गोलंदाज धावतोय, पण मैदान, खेळपट्टी, मागचा फलक यात फारसं काही बदलत नाही. मग दर वेळी सगळं मैदान कशाला साठवा? एक चित्र पूर्ण ठेवायचं, आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त 'हा तुकडा इथून तिथे सरकला, हा एवढा बदलला' अशा सूचना ठेवायच्या. एमपेग नावाच्या प्रमाणांच्या मुळाशी ही कल्पना आहे.

साठवणूक स्वस्त झाली, पण कष्ट संपले नाहीत. ते बघणाऱ्याच्या संगणकाकडे गेले. सूचना वाचायच्या, तुकडे हलवायचे, फरक भरायचा, चित्र पुन्हा उभं करायचं. या कामाला डिकोडिंग म्हणतात. आणि त्याला मुदत असते. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे एका चित्राला ४० मिलिसेकंद. पत्र टाइप करताना संगणक अर्धा सेकंद उशिरा वागला तरी आपलं काही अडत नाही. व्हिडिओत एक्केचाळिसाव्या मिलिसेकंदाला तयार झालेलं चित्र शिळं झालेलं असतं. म्हणून बाकी सगळी कामं नीट करणारा संगणक व्हिडिओ आला की उघडा पडतो.

पण गंमत अशी, की सुरुवातीच्या काळात लिनक्सवर नुसतं डिकोडिंग हीच अडचण नव्हती. चित्र तयार झाल्यावर ते पडद्यापर्यंत पोचवणं हेही तितकंच जड होतं. व्हिडिओतले रंग साठवण्याची पद्धत वेगळी आणि पडद्याची वेगळी. त्यामुळे प्रत्येक ठिपक्याचा रंग बदलायचा, चित्र पडद्याएवढं ताणायचं आणि मग ते ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायचं, हे सगळं मुख्य प्रोसेसरच करायचा. हिशेब करून बघा. १०२४ बाय ७६८ चा पडदा, दर ठिपक्याला ४ बाइट, सेकंदाला २५ चित्रं. झाले सुमारे ७ कोटी ८६ लाख बाइट, दर सेकंदाला. त्या काळच्या पीसीआय मार्गाची कमाल क्षमता, कागदावर, १३३ मेगाबाइट. निम्म्याहून जास्त रस्ता नुसत्या चित्राच्या वाहतुकीने भरला.

यावरचा उपाय आला मार्च २००० मध्ये, एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीत. लिनक्सवर खिडक्या आणि चित्रं दाखवणारी ही प्रणाली. तिच्यात एक्सव्हिडिओ नावाची सोय मिळाली. कल्पना साधी: व्हिडिओचं छोटं चित्र मूळ रंगपद्धतीतच कार्डाकडे द्यायचं, रंग बदलणं आणि ताणणं कार्डाने करायचं. व्हीसीडीच्या चित्रासाठी आता सेकंदाला ३८ लाख बाइट पाठवले की पुरे. कुठे ७ कोटी ८६ लाख आणि कुठे ३८ लाख! वीसपट ओझं उतरलं. संगणक तोच, प्रोसेसर तोच. कार्डात ही ताकद आधीपासून होती. तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता नव्हता, तो झाला.

हे वाक्य मनात ठेवा. आजचा सगळा इतिहास म्हणजे या एकाच गोष्टीची पुन्हा पुन्हा झालेली आवृत्ती आहे.

त्याच २००० साली हंगेरीत आर्पाद गेरेओफी या तरुणाने एमप्लेयर लिहायला घेतला. लिनक्सवर त्या वेळी जे प्लेयर होते, ते त्याला पुरेसे चांगले वाटत नव्हते, एवढंच कारण. याच वर्षी फ्रान्समध्ये फाब्रिस बेलार याने एफएफएमपेग सुरू केलं. या दोन कामांची जोडी जमली. एमप्लेयरच्या स्वभावात मंद संगणकाची जाणीव पहिल्यापासून होती. तुमच्या प्रोसेसरला वेळ पुरत नसेल, तर तो तोंडावर सांगायचा, की बाबा तुझा संगणक या व्हिडिओसाठी फार हळू आहे, आणि लगेच काय काय करून पाहता येईल याची यादी द्यायचा. उशीर झालेली चित्रं टाकून दे, दुसऱ्या मार्गाने पडद्यावर पाठव, आवाजाचा ड्रायव्हर बदल. आत कामाच्या जागा शोधून, प्रोसेसरच्या थेट भाषेत, म्हणजे असेंब्लीत, हाताने लिहिलेले तुकडे असायचे. इंटेलने १९९७ च्या सुरुवातीला पेंटियममध्ये एमएमएक्स सूचना आणल्या होत्या, ज्यांनी एका दमात आठ आठ ठिपके हाताळता यायचे. पण नुसत्या सूचना असून चालत नाही. त्या वापरून कुणीतरी लिहावं लागतं. ते या मंडळींनी लिहिलं, आणि फुकट वाटलं.

आणि पॅरिसचं वसतिगृह? तिथल्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांना १९९६ च्या सुमारास आवारातलं जाळं वेगवान करून हवं होतं. कारण दाखवायला प्रकल्प हवा, म्हणून त्यांनी उपग्रहावरचं दूरदर्शन जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोचवायचा घाट घातला. त्यातून व्हीएलसी जन्माला आला. फेब्रुवारी २००१ मध्ये संस्थेच्या परवानगीने तो मुक्त परवान्याखाली खुला झाला. आज आपल्याकडे कुठल्याही सायबर कॅफेत, फोटो स्टुडिओत जो नारिंगी शंकू दिसतो, तो हाच.

इथपर्यंतची गोष्ट कष्टाची आणि हुशारीची. आता कुलपाची गोष्ट.

डीव्हीडी आल्या तेव्हा त्यातला मजकूर सांकेतिक कुलपात बंद होता. किल्ली ज्या कंपन्यांनी करार केला त्यांच्याकडेच. लिनक्ससाठी असा परवानाधारक प्लेयर सहज मिळत नव्हता. म्हणजे बघा, तबकडी तुम्ही पैसे देऊन घेतली, ड्राइव्हही घेतला, संगणक ताकदवान आहे. तरी सिनेमा लागत नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये डीसीएसएस नावाचा छोटा प्रोग्राम बाहेर आला, ज्याने हे कुलूप उघडलं. त्याच्याशी नाव जोडलं गेलं ते नॉर्वेच्या यॉन लेक योहानसनचं, वय १५ वर्षं. त्याच्यावर खटला झाला. बचावाचा मुद्दा हाच, की आपण विकत घेतलेली तबकडी लिनक्सवर बघण्यासाठी हे आहे. जानेवारी २००३ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं, आणि डिसेंबर २००३ मध्ये वरच्या न्यायालयातही तो निर्णय टिकला.

त्याच २००३ साली एच.२६४ हे नवं प्रमाण तयार झालं. कमी जागेत फार सुंदर चित्र. पण डिकोड करायला आधीच्यापेक्षा कितीतरी जड. त्यातच पूर्ण एचडी चित्र आलं: १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाखांवर ठिपके. व्हीसीडीच्या वीसपट, आणि प्रत्येक ठिपक्यामागे काम जास्त. आता हुशारीने लिहिलेला प्रोग्रामही साध्या प्रोसेसरवर दमायला लागला. लोक काय काय करायचे! तुकड्यांच्या कडा मऊ करणारी एक पायरी एच.२६४ मध्ये असते, ती एमप्लेयरला सांगून गाळून टाकायची. चित्र थोडं खरबडीत व्हायचं, चुका पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत साचत जायच्या, पण सिनेमा चालायचा. पोट भरायला मीठभाकरी, तसं.

चिप बनवणाऱ्यांनी यावर उपाय काढला. डिकोडिंगसाठी ग्राफिक्स चिपमध्येच वेगळा, ठरावीक कामापुरता भाग बसवायचा. असा भाग हे काम अगदी थोड्या विजेत करतो, मुख्य प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो. पण हा भाग चालवायचा कसा, कुठल्या नोंदीत काय लिहायचं, ही माहिती कंपनीकडे. विंडोजसाठी कंपनी स्वतः ड्रायव्हर लिहून द्यायची. लिनक्सवाल्यांनी काय करायचं?

इथे छोट्या लॅपटॉपचा काळ येतो, आणि गोष्ट अगदी उघड होते. २००७ च्या अखेरीस तैवानच्या असूसने ई-पीसी आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी, ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन, तोही प्रत्यक्षात ६३० वर चालवलेला. आणि त्यात लिनक्स घालूनच विकायला. पाठोपाठ २००८ मध्ये इंटेलचा अ‍ॅटम आला आणि असे लॅपटॉप घरोघरी दिसू लागले. बहुतेकांत जी ग्राफिक्स चिप होती, तिच्यात एच.२६४ उलगडणारा भागच नव्हता. तिथे तक्रार करण्यात अर्थ नाही. पण काही लॅपटॉपमध्ये जीएमए ५०० नावाची ग्राफिक्स होती. तिच्यात हा भाग होता! पूर्ण एचडी व्हिडिओ ती सहज दाखवू शकायची. मात्र तिचा गाभा इंटेलचा नव्हता, दुसऱ्या कंपनीकडून घेतलेला होता, आणि त्याची माहिती खुली नव्हती. लिनक्ससाठी अर्धेमुर्धे बंद ड्रायव्हर आले, ते कर्नलच्या पुढच्या आवृत्त्यांशी जुळेनात. २०११ मध्ये कर्नलमध्ये मुक्त ड्रायव्हर आला, पण तो चित्र पडद्यावर दाखवण्यापुरता. व्हिडिओ उलगडण्याचा भाग तसाच निपचित पडून राहिला. ज्यांनी हा लॅपटॉप घेतला त्यांच्या दृष्टीने तो 'मंद' होता. खरं तर तो कुलूपबंद होता.

उलट उदाहरणंही आहेत, ती सांगितलीच पाहिजेत. नोव्हेंबर २००८ मध्ये एनव्हिडियाने लिनक्ससाठी व्हीडीपीएयू ही सोय दिली. ड्रायव्हर बंदच, पण दार उघडं. २००९ मध्ये अ‍ॅटमच्या जोडीला एनव्हिडियाची ग्राफिक्स घातलेले आयन नावाचे संगणक आले. तोच किरकोळ अ‍ॅटम, पण पूर्ण एचडी सिनेमा आरामात. टीव्हीला जोडायचा छोटा डबा म्हणून लोकांनी ते डोक्यावर घेतले. ब्रॉडकॉमने क्रिस्टल एचडी नावाचं एक छोटं कार्ड काढलं, लॅपटॉपच्या आतल्या खाचेत बसणारं, आणि लिनक्सचा ड्रायव्हर मुक्त दिला. इंटेलची व्हीए-एपीआय त्याच सुमारास उभी राहिली, तीच पुढे सगळ्यांत जास्त रुजली. आणि एप्रिल २०१३ मध्ये एएमडीने आपल्या चिपमधला व्हिडिओचा भाग चालवणारा कोड मुक्त केला. त्या दिवशी कुठलाही नवा संगणक विकला गेला नाही, पण आधीच विकले गेलेले कितीतरी संगणक लिनक्सवर एकदम चपळ झाले.

आता थोडं आपल्या घरी येऊ. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात इथल्या शाळेत, एका शिक्षकाच्या छोट्या शाळेत, 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप काहींना आठवत असतील. ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, आणि फेडोरावर उभारलेलं लिनक्स. त्याला छोटा कॅमेरा होता, मुलं चित्रण करू शकत. पण त्यात एमपेग किंवा एच.२६४ नव्हतं, ऑग थिओरा हे खुलं प्रमाण होतं. कारण ताकद नव्हे, कारण पेटंट. बाकीच्या प्रमाणांवर पेटंट होती, आणि मुक्त सॉफ्टवेअर वाटणाऱ्याने प्रत्येक प्रतीमागे कुणाला तरी पैसे द्यायचे म्हटलं, तर वाटणंच थांबतं. म्हणजे कुलूप दोन प्रकारचं झालं. एक चिपच्या माहितीचं, दुसरं कायद्याचं.

याच सुमारास आयआयटी मुंबईत स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प उभा राहत होता. संगणकाचा पडदा चित्रित करायचा, वर बोलून समजावायचं, दहाएक मिनिटांचा एक धडा, आणि मग मराठीसकट अनेक भारतीय भाषांत आवाज द्यायचा. आम्हाला या पद्धतीतली एक बाजू या विषयासाठी महत्त्वाची वाटते. पडद्याच्या चित्रणात बहुतेक चित्र स्थिर असतं. एक बाण हलतो, एक यादी उघडते. म्हणजे मघाच्या क्रिकेटच्या भाषेत, मैदान जवळपास हलतच नाही. असा व्हिडिओ लहान राहतो आणि डिकोड करायलाही हलका पडतो. आपण नेहमी बघणाऱ्याचा संगणक बदलायला निघतो. बनवणाऱ्याने बघणाऱ्याच्या संगणकाचा विचार केला, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला. ३५ डॉलरचा संगणक, ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. याच्यावर साधं वेबपान उघडायला वेळ लागायचा, पण पूर्ण एचडी एच.२६४ व्हिडिओ मात्र लोण्यासारखा! कारण त्याची चिप मुळात व्हिडिओसाठीच घडवलेली. लोकांना हे कोडंच वाटायचं. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला तर अडखळे, ओएमएक्सप्लेयर नावाच्या खास प्लेयरने लावला तर सलग. कारण ब्राउझरला त्या भागाचा रस्ता माहीत नव्हता. आणि पुढे ऐका. या चिपला डीव्हीडीचं एमपेग-२ सुद्धा उलगडता यायचं, पण परवान्याचा खर्च किमतीत धरलेला नव्हता म्हणून तो भाग बंद ठेवला होता. ऑगस्ट २०१२ पासून २ पौंड ४० पेन्सला त्याची किल्ली मिळू लागली. किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची एक ओळ, तुमच्या पायच्या अनुक्रमांकाशी बांधलेली. ती एका फायलीत लिहायची, की तोच संगणक, तीच चिप, नवं काम करू लागायची. इतक्या वर्षांची आमची उपमा इथे अक्षरशः खरी झाली. एमपेग-२ चं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट संपलं फेब्रुवारी २०१८ मध्ये.

पण सगळीकडे किल्ली विकत मिळत नव्हती. ऑलविनर या चिनी कंपनीच्या चिप स्वस्त टॅबलेट आणि पायसारख्या पाट्यांत भरभरून वापरल्या गेल्या. त्यातला व्हिडिओचा भाग चालवायची माहिती खुली नव्हती. स्वयंसेवकांनी बंद ड्रायव्हर काय काय करतो हे बाहेरून निरखून, वर्षानुवर्षं, एकेक नोंद उलगडली. २०१८ मध्ये फ्रान्सच्या बूटलिन या छोट्या कंपनीने लोकवर्गणी काढली, आणि वर्षाच्या अखेरीस त्यांचा ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाला. लोकांनी आधी चिप विकत घेतली, आणि मग ती चालावी म्हणून वर्गणी दिली. यात चूक कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

आता ब्राउझरकडे वळू, कारण आज आपण सगळे व्हिडिओ तिथेच बघतो. सुरुवातीला यूट्यूब फ्लॅशवर चालायचं. २०१० मध्ये फ्लॅशच्या १०.१ आवृत्तीत चिपची मदत घ्यायची सोय आली, ती विंडोजवर. लिनक्सवर नाही, सर्वांना चालेल असा एक ठरलेला रस्ता लिनक्सवर नाही, असं कारण कंपनीने दिलं. ते पूर्ण खोटंही नव्हतं. व्हीडीपीएयू वेगळं, व्हीए-एपीआय वेगळं, प्रत्येकाची चूल वेगळी. पुढे फ्लॅश गेला, पण अडचण राहिली. फायरफॉक्सने एक्स प्रणालीवर व्हीए-एपीआयची मदत घ्यायला सुरुवात केली ती ऐंशीव्या आवृत्तीत, ऑगस्ट २०२० मध्ये, आणि तीही सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागायची. इंटेलच्या ग्राफिक्सवर ती आपोआप चालू झाली ११५ व्या आवृत्तीत, जुलै २०२३ मध्ये. मधली सगळी वर्षं लिनक्सचा माणूस व्हिडिओ बघत होता तो प्रोसेसरच्या बळावर, आणि शेजारी तयार असलेला भाग रिकामा बसून होता.

त्यात आणखी एक वळण. २०१३ मध्ये गूगलने व्हीपी९ हे पेटंटशुल्क नसलेलं प्रमाण आणलं, आणि यूट्यूब ते वापरू लागलं. तत्त्व म्हणून आपल्याला हे आवडायलाच हवं. पण जुन्या चिपमध्ये फक्त एच.२६४ चा भाग. तिला व्हीपी९ येत नाही. म्हणजे प्रमाण जास्त खुलं झालं आणि जुना संगणक आणखी मंद झाला! दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. मग कुणीतरी ब्राउझरसाठी एच२६४इफाय नावाचं छोटं पूरक लिहिलं, जे यूट्यूबला सांगतं, मला जुनंच दे. उलट बाजूने, सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने पेटंटच्या धास्तीने आपल्या मेसा ग्राफिक्स संचातून एच.२६४ आणि एच.२६५ च्या चिपमदतीचा भाग काढून टाकला. एएमडीच्या लोकांचे चालते संगणक एका अपडेटनंतर गरम व्हायला लागले. ज्याला माहीत होतं त्याने बाहेरच्या भांडारातून तो भाग परत बसवला. ज्याला माहीत नव्हतं, तो म्हणाला, लॅपटॉप जुना झाला.

आता त्या शाळेत परत जाऊ.

आम्ही पहिलं काम केलं ते चिपला विचारायचं, की तुला काय काय येतं. व्हीएइन्फो नावाची एक साधी आज्ञा आहे, ती यादी देते. उत्तर आलं: एच.२६४ येतं, व्हीपी९ येत नाही. ब्राउझर काय आणत होता? व्हीपी९, तेही १०८० रेषांचं, ७६८ रेषांच्या पडद्यावर. म्हणजे पडदा दाखवूच शकत नाही एवढं चित्र आणायचं, चिपला न येणाऱ्या भाषेत, आणि मग प्रोसेसरने धापा टाकत उलगडून पुन्हा लहान करायचं. आम्ही ते पूरक बसवलं, चित्र ७२० वर आणलं, फायरफॉक्समध्ये चिपची मदत चालू केली. जे धडे शाळेकडे फाइल म्हणून होते ते एमपीव्ही या प्लेयरमध्ये लावले. एमप्लेयरचाच तो वंशज. एक रुपयाही खर्च नाही. बाईंनी तोच विज्ञानाचा धडा लावला. बीज रुजतं, अंकुर वर येतो, सगळं सलग. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे यांच्यात काही बिघाड नव्हताच?"

नव्हता. आणि तरी ते दहाही संगणक भंगारात जाणार होते, ही गोष्ट आम्हाला अजून टोचते.

आम्ही असं म्हणत नाही की प्रत्येक जुना संगणक वाचतो. ज्यात तो भागच नाही, जो खरोखर थकला आहे, तिथे उगाच आशा लावू नये. पण संगणक कधी म्हातारा झाला हे बहुतेक वेळा त्याची झीज ठरवत नाही. कुठलं प्रमाण पुढे आलं, कुठली माहिती खुली झाली, कुठलं पेटंट कधी संपलं, यावर ते ठरतं. हे निर्णय दूर कुठेतरी होतात आणि त्याची किंमत बाईंच्या शाळेसारख्या ठिकाणी मोजली जाते. एवढी एक गोष्ट आजच्या व्याख्यानातून घरी न्या.

शेवटचा एक मुद्दा आणि थांबतो. २०१८ मध्ये एव्ही१ हे नवं खुलं प्रमाण आलं. तेव्हा ते उलगडणारी चिप बाजारात जवळपास नव्हतीच. तेव्हा व्हीएलसीच्या मंडळींनी 'डेव्हिड' नावाचा डिकोडर लिहायला घेतला, इंग्रजी नावात आयच्या जागी एक हा आकडा. त्याचा मोठा भाग हाताने लिहिलेली असेंब्ली आहे, साध्या प्रोसेसरवरही चालावं म्हणून. अठरा वर्षांपूर्वी एमप्लेयरवाल्यांनी जे केलं, तेच पुन्हा. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ चा खास भाग काढूनच टाकला आहे, कारण आता त्याचा प्रोसेसर ते काम स्वतःच करू शकतो. चाक फिरून पुन्हा तिथेच आलं.

तेव्हा तुमच्या घरी, शाळेत, वाचनालयात एखादा संगणक 'व्हिडिओ चालत नाही' म्हणून कोपऱ्यात पडला असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याला एकदा विचारा, तुला काय येतं? उत्तर ऐकून मग काय ते ठरवा.